जांभळी पिन आणि दिग्गीची वही



आमच्या बेळगावच्या घरी येणारा प्रत्येक तरुण पाहुणा माझ्या टेबलाकडे बघून हसतो. टेबलावर लेकीने दिलेला पातळ, चकचकीत लॅपटॉप, आणि त्याच्या पुढ्यात विटेसारखा जड, पिवळट पडलेला, टकटक वाजणारा जुना कीबोर्ड. कीबोर्डाची वायर एका डबीत जाते, डबीची वायर आणखी एका चिमुकल्या तुकड्यात, आणि तो तुकडा लॅपटॉपच्या कडेला. "काका, हे काय लावलंय?" असं विचारतात. दर वेळी सगळं सांगणं होत नाही, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळचा दिग्गीचा. बऱ्याच जणांनी नावही ऐकलं नसेल. कारवार जिल्ह्यात, जोयडा तालुक्यात, गोव्याच्या हद्दीजवळ अगदी जंगलात आमचं गाव. काळी नदी आमच्याच भागात उगम पावते. घरात कोंकणी, शाळेत मराठी, आणि १९५६ नंतर सरकारी कागद कन्नडात. त्याआधी आमचा जिल्हा मुंबई राज्यात होता. मी तेव्हा पाच वर्षांचा. एका घरात तीन भाषा, आणि कुणाला त्याचं काही विशेष वाटायचं नाही.

मी बेळगावला बी. कॉम. केलं, बँकेत लागलो आणि धारवाड, हुबळी, कारवार असं फिरत २०११ ला अधिकारी म्हणून निवृत्त झालो. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा दादा मात्र तालुका सोडून कधी गेला नाही. प्राथमिक शिक्षक. सुरुवातीची काही वर्षं तो जुन्या सुपा गावात होता. पुढे गणेशगुडीजवळ काळी नदीवर धरण झालं आणि सुपा पाण्याखाली गेलं. बरेच लोक रामनगरला वसले. दादा नेहमी म्हणायचा, "घरं गेली ती गेली रे, पण तिथल्या पाणंदींची, विहिरींची, वाफ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. ती माणसं गेली की गाव दुसऱ्यांदा बुडणार."

म्हणून दिग्गीचं सगळं लिहून काढायचं, असं आमचं दोघांचं ठरलं. शेतांची नावं, झऱ्यांची नावं, कुठल्या घरात आधी कोण राहत होतं, आणि मुख्य म्हणजे वडील ज्या पायवाटेने घाट उतरून गोव्यात जायचे ती वाट. १९६१ पर्यंत पलीकडे पोर्तुगीज होते, त्यामुळे ती वाट नीट माहीत असणं म्हणजे जिवाचा प्रश्न होता. वाटेवर पाच थांबे होते. दादा लहानपणी वडिलांबरोबर दोन-तीनदा गेलेला. मी कधीच नाही.

"ठरलं" म्हणतो खरं, पण ठरून दहा वर्षं झाली होती. शेवटी गेल्याच्या गेल्या वर्षी मे महिन्यात मी निघालो. दादा तेव्हा ब्याऐंशीचा.

आता कीबोर्डाकडे येतो.

माझ्या उजव्या हाताला चार-पाच वर्षांपासून कंप आहे. डॉक्टर म्हणाले, वयाचा आहे, घाबरू नका. पण अक्षर गेलं. ज्या सहीवर लाखांचे ड्राफ्ट पास व्हायचे, ती सही आता माझीच मला ओळखता येत नाही. म्हणजे हाताने लिहिणं बाद. लॅपटॉपच्या कळा तर अगदी सपाट, बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटतं. थरथरत्या हाताला ते कसं जमणार? ‘क’ दाबायला जावं तर शेजारचं अक्षर आधी हजर.

मग आठवण झाली माळ्यावरच्या कीबोर्डाची. बँकेच्या शाखेने जुनी यंत्रं भंगारात काढली तेव्हा लिलावात रीतसर पावती करून मी तो ५० रुपयांना घेतला होता. टीव्हीएस गोल्ड. बँकेत, तिकीट खिडकीवर, मोठ्या दुकानाच्या बिलाच्या काउंटरवर ज्यांनी काम केलंय त्यांना आवाजावरूनच आठवेल. त्यात प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्प्रिंगचा स्विच असतो. कळ साधारण निम्मी खाली गेली की टक् होतं आणि तेव्हाच अक्षर उमटतं. बोट चुकून शेजारच्या कळेला लागलं तर काही होत नाही, मुद्दाम दाबावं लागतं. माझ्या हाताला तेच हवं होतं.

अडचण एकच. त्याच्या वायरीच्या टोकाला गोल, जांभळी, सहा पिनांची जोडणी, आणि नव्या लॅपटॉपला फक्त दोन चपटी टाइप-सी भोकं.

मला त्यात काही अवघड वाटलं नाही, कारण मी या जोडण्यांची एक पिढी डोळ्यांदेखत बदलताना पाहिली होती. १९८४ च्या रंगराजन समितीनंतर बँकांत यंत्रं यायला लागली. युनियनचा विरोध, वाटाघाटी, सगळं झालं आणि आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचं यंत्र आलं. त्या काळच्या कीबोर्डांना अंगठ्याएवढी जाड, पाच पिनांची जोडणी असायची. पुढे आयबीएमने १९८७ साली पीएस-टू नावाची यंत्रं काढली आणि त्यांच्याबरोबर ही लहान सहा पिनांची जोडणी आली. नंतर तिला रंगही ठरले, कीबोर्डाला जांभळा आणि माऊसला हिरवा. आमच्याकडे नवी यंत्रं आली तेव्हा इंजिनिअरने जुन्या जाड पिनेवर एक छोटं बोंडुक बसवलं, लहान भोकात खुपसलं, आणि कीबोर्ड चालू! तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की अडॅप्टर म्हणजे फक्त आकाराचा प्रश्न. भोकात बसलं की झालं.

मी बाजारातून ८० रुपयांचं बोंडुक आणलं. एका बाजूला जांभळं गोल भोक, दुसऱ्या बाजूला यूएसबी. यूएसबीचं टाइप-सी करणारा तुकडा घरात होताच, त्यावर पेन ड्राइव्ह चालत होता. निघायच्या आदल्या रात्री सगळं जोडलं. कीबोर्डावरचे तिन्ही हिरवे दिवे एकदम लुकलुकले. मी सौ.ला म्हटलं, "बघ, जित्ता आहे!" आणि पिशवीत भरलं.

एक अक्षरसुद्धा टाइप करून पाहिलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची व्हाउचरं दोनदा तपासली, आणि स्वतःचं एकदाही नाही.

दिग्गीला पोचलो. वहिनींनी उकडलेले कंद आणि चहा दिला. दादा पांढरं धोतर नेसून, ओसरीवर ताठ बसून वाट बघत होता, जणू शाळा तपासणीला साहेब येणार आहेत. मी लॅपटॉप उघडला, कीबोर्ड जोडला, दिवे लुकलुकले. दादाने पहिल्या शेताचं नाव सांगितलं. मी टाइप केलं. पडदा कोराच. काढून परत लावलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. दिवे दर वेळी लुकलुकत आणि अक्षर काही उमटत नाही. तासाभराने दादा हळूच म्हणाला, "राहू दे रे, जेवून घेऊ."

तुम्ही म्हणाल, फोनवर रेकॉर्ड का नाही केलं? केलं. पण फोन समोर ठेवला की दादा कोर्टात साक्ष दिल्यासारखं बोलायचा, आणि मध्येच "हे बंद कर" म्हणायचा. समोर लिहिणारा माणूस असला की मात्र शिक्षकाची सवय जागी व्हायची. लिहून होईपर्यंत थांबायचा, "झालं?" विचारायचा आणि मग पुढे.

पुतण्या बाजूलाच उभा होता. तो म्हणाला, "काका, हांव बरयतां." म्हणजे मी लिहितो. तो कन्नड शाळेत शिकलेला, देवनागरी त्याला वाचायला जेमतेम येते, लिहायला नाही. मी विचारलं, "कशात लिहिणार? कन्नड अक्षरांत?" तो "होय" म्हणाला. मी म्हटलं, "नको रे, आपली नावं त्यात बिघडतील. मी पुढच्या खेपेला नीट व्यवस्था करून येतो." हे वाक्य मला अजून टोचतं.

चार दिवसांनी परत आलो. जून लागला. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पुतण्याचा निरोप आला, "काका, आता येऊ नका, रस्त्याचा भरवसा नाही." म्हणजे थेट पावसाळ्यानंतर.

त्या मधल्या दिवसांत पुण्याच्या नातीने मला फोनवर नीट समजावलं. आमच्या वयाच्या लोकांना उपयोगी पडेल म्हणून माझ्या भाषेत सांगतो.

ती म्हणाली, "आजोबा, दिवे लागले म्हणजे वीज पोचली. बोलणं पोचलं असं नाही." त्या जोडणीत कामाच्या चारच तारा. एक पाच व्होल्टची, एक अर्थिंगची, आणि दोन बोलण्याच्या. शाखेतलं जाड पिनेचं बोंडुक चाललं, कारण दोन्ही बाजूंची भाषा एकच होती, फक्त आकार वेगळा. यूएसबीचं टाइप-सी करणारा तुकडा चालतो, तोही त्याच कारणाने. पण जुनी गोल पिन आणि यूएसबी यांची भाषाच वेगळी. इंग्रजी ‘ए’ ची कळ दाबली की जुना कीबोर्ड ‘१सी’ असा संकेत पाठवतो. यूएसबीत त्याच कळेचा संकेत ‘०४’ आहे. आणि बोलायची रीतही निराळी. जुन्या पद्धतीत कळ दाबली की कीबोर्ड स्वतःहून वर्दी देतो, गिऱ्हाईकाने थेट काउंटरवर येऊन स्लिप सरकवावी तसा. यूएसबीत कीबोर्ड आपणहून बोलत नाही. शिपायाने ठरलेल्या वेळी प्रत्येक टेबलापाशी जाऊन "काही आहे का?" विचारावं तसं कॉम्प्युटर त्याला सारखं विचारत राहतो, आणि विचारल्यावरच तो सांगतो. साधं बोंडुक नुसत्या तारा इकडच्या तिकडे जोडतं. माझा कीबोर्ड आपल्या भाषेत बोलत होता, लॅपटॉप आपल्या भाषेत विचारत होता, आणि मध्ये कुणीच नव्हतं.

मग ते ८० रुपयांचं बोंडुक बाजारात विकतात कशाला? तर काही कीबोर्ड आणि माऊस असे बनवलेले असतात की त्यांना दोन्ही भाषा येतात. नव्या माऊसबरोबर एके काळी हिरवं बोंडुक मिळायचं ते त्यामुळेच. माऊस शहाणा असतो, म्हणून बोंडुक साधं चालतं. माझा कीबोर्ड एकभाषी होता.

अशा जुन्या वस्तूंना ‘अॅक्टिव्ह कन्व्हर्टर’ लागतो. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला जांभळं आणि हिरवं अशी दोन भोकं, आणि मध्ये डबी. त्या डबीत एक चिप असते. ती कीबोर्डाचं ‘१सी’ ऐकते, ठेवून घेते, आणि लॅपटॉपने विचारलं की ‘०४’ सांगते. मला तो साडेतीनशे रुपयांना मिळाला. आधी कीबोर्ड डबीला जोडायचा, मग डबी लॅपटॉपला. ही गोल पिन चालू यंत्रात काढघाल करण्यासाठी बनवलेली नाही. स्वस्तातल्या काही डब्यांना जड जुन्या कीबोर्डाला लागणारी वीज पुरवणं झेपत नाही, म्हणून परत देता येईल अशाच ठिकाणी घ्या. आणि कंप असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. विंडोजमध्ये ‘फिल्टर कीज’ नावाची सोय आहे. ती चालू केली की चुकून क्षणभर लागलेली किंवा पटापट दोनदा दाबली गेलेली कळ कॉम्प्युटर सोडून देतो. हे मला आधी माहीत असतं तर मे महिन्यात लॅपटॉपच्या सपाट कळांवरसुद्धा थोडंफार काम झालं असतं. सोय फुकट होती आणि लॅपटॉपमध्येच होती.

डबी आली त्या दिवशी मी टाइप केलं, ‘दिग्गी’. उमटलं. तोवर जून संपत आला होता.

ऑगस्टमध्ये दादाला ताप आला. तापातून उठला, पण बोलणं अडखळायला लागलं. डिसेंबरात रस्ता कोरडा झाल्यावर मी गेलो तेव्हा तो ओसरीवरच बसला होता, धोतर तसंच पांढरं. माझ्याकडे बघून हसला आणि मला वडिलांच्या नावाने हाक मारली.

मी सगळं जोडलं. या वेळी अक्षरं उमटत होती. मी विचारलं, "दादा, पहिलं शेत कुठलं?" त्याने नाव सांगितलं. दुसरं सांगितलं. तिसऱ्याला थांबला. मे महिन्यात जी यादी तो परवचा म्हटल्यासारखी म्हणत होता, ती आता तुटक येत होती. घाटवाटेचं विचारलं तर नुसता हात पश्चिमेकडे दाखवला. मी टाइप करायचं थांबलो, तर म्हणाला, "का थांबलास? वाजव की." त्याला तो आवाज आवडला होता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "अजून बँकेत आहेस काय रे?" मी म्हटलं, "होय." तो म्हणाला, "बरं आहे. नोकरी सोडू नको."

त्या रात्री मला झोप आली नाही. ८० रुपयांच्या बोंडकापायी मी काय घालवलं, याचा हिशेब मांडत पडलो होतो. खरं म्हणजे बोंडुक निमित्त. घालवली ती मागची दहा वर्षं.

सकाळी पुतण्याने एक दोनशे पानी वही माझ्यापुढे ठेवली आणि मान खाली घालून उभा राहिला. "काका, रागावू नका. पावसात दुसरं काम नसायचं. बाबा सांगायचे, मी लिहिलं." वहीची एक्केचाळीस पानं भरलेली होती. अक्षरं कन्नड, शब्द आमचे. दादाची कोंकणी, त्यात मध्येच शाळेतलं मराठी, जसं तो बोलतो तसंच्या तसं. शेतं सगळी. झरे सगळे. घरं आणि घरातली माणसं. माझी नोकरीच धारवाडात गेलेली, त्यामुळे मला कन्नड सरळ वाचता येत होतं. एकही नाव बिघडलेलं नव्हतं.

मी पुतण्याला काहीच बोलू शकलो नाही. वहिनी म्हणाल्या, "भावजी, चहा निवतोय."

तिथेच ओसरीवर बसून मी टाइप करायला घेतलं. डाव्या हाताला त्याची कन्नड वही, समोर जुना कीबोर्ड, पडद्यावर देवनागरी. मी इनस्क्रिप्ट पद्धतीने टाइप करतो. १९८६ साली सरकारने ठरवलेली ही मांडणी भारतीय लिप्यांना जवळजवळ एकच आहे. ‘क’ ज्या कळेवर देवनागरीत, त्याच कळेवर कन्नडात. डोळ्यांनी कन्नड वाचायचं आणि बोटांनी मराठी उमटवायचं, हे दोन दिवसांत अंगवळणी पडलं. वीज गेली की बॅटरी संपेपर्यंत चालायचं, मग दादाशी गप्पा. तो शेजारी बसून आवाज ऐकायचा आणि पान संपलं की विचारायचा, "झालं?"

देवनागरी प्रत पूर्ण झाली आहे. आता तीच कन्नडात करतोय, कारण पुतण्याच्या मुलांना देवनागरी येत नाही. त्यांच्या गावाची नावं त्यांना वाचता यायला नकोत?

पण वहीत एक जागा कोरी आहे. घाटवाटेच्या पाच थांब्यांपैकी तीन लिहिलेत. चौथ्याच्या आधी पुतण्याने तारीख घातली आहे, ऑगस्टची, आणि खाली "बाबांना ताप" एवढंच. पुढची अर्धी ओळ मोकळी.

म्हणून ही पोस्ट. आपल्यापैकी कुणाचे वाडवडील दिग्गीच्या बाजूने घाट उतरून गोव्यात जात असतील, किंवा पलीकडून वर येत असतील, तर घरच्या म्हाताऱ्या माणसांना थांब्यांची नावं विचारा आणि मला कळवा. पहिले तीन थांबे मी मुद्दाम इथे लिहिलेले नाहीत. बँकेची सवय आहे, दोन सह्या जुळवून पाहिल्याशिवाय पास करत नाही.

आणि ज्यांच्या माळ्यावर जुना कीबोर्ड आहे त्यांनी तो फेकू नका, पण प्रवासाला निघण्यापूर्वी एक ओळ टाइप करून बघा. ज्यांच्या ओसरीवर दादा आहे, त्यांनी तर कीबोर्डाचीही वाट बघू नका. जो हात जवळ असेल, जी लिपी येत असेल, तिच्यात लिहून घ्या. पावसाच्या आधी.